कडेचा माणूस

५ जानेवारी

दादा,

लिफ्टमध्ये अडकलेल्या अनोळखी माणसाचा फोन आला तर तू ताटावरून उठून जातोस. माझा फोन मात्र वाजू देतोस. म्हणून आता पत्र. पत्राला वाजता येत नाही, एवढा तरी तुझा त्रास वाचला.

मी ठीक आहे. खोली बरी आहे. खिडकी उघडते, बंद होत नाही. काम मिळालंय. हसू नकोस, फ्रेमच्या दुकानात. मालकाला अख्खा रस्ता काटकोन म्हणतो, तोंडावरसुद्धा, आणि त्याला त्याचं कौतुकच आहे. चौकटीचा एक कोपरा जरी वाकडा बसला तरी त्या माणसाला जेवण जात नाही. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "कॉलेज कुठपर्यंत?"

"अर्ध्यापर्यंत."

"पहिल्या अर्ध्यापर्यंत की दुसऱ्या?"

"पहिल्या."

"बरं केलंस. दुसऱ्या अर्ध्यात माणसं फार प्रश्न विचारायला लागतात."

काम असं: चार पट्ट्या, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना तिरका काप. एखादा काप केसभर चुकला तरी पहिले तीन कोपरे निमूटपणे जुळतात आणि चौथा तोंड वासतो. रागात कापलं की हमखास चुकतं, आणि मला काडेपेटी हे नाव तूच ठेवलंस, तेव्हा राग किती लवकर येतो ते वेगळं सांगत नाही. त्यामुळे काटकोन नुसता कोपरा बघून सांगतो की सकाळी माझं कुणाशी तरी वाजलंय. पहिल्या आठवड्यात त्यानं बरोबर ओळखलं की नळावर वाजलं होतं. "पाण्यावरून ना? कोपरा ओला नाही, पण मिजास तीच."

आता मुद्दा. दुकानाच्या वरच्या खोलीत एक चित्रकार बाई राहतात. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. त्या शहराची चित्रं काढतात. न्हाव्याची खुर्ची, रुग्णालयाचा जिना, बसथांबा, चपला दुरुस्त करणारा, आणि ह्या सगळ्यात माणसं. जशी आहेत तशी. कुणाला गोरं करत नाहीत, कुणाचं पोट आत घेत नाहीत. बाकावर पेपर वाचणारा काटकोन त्यांनी काढलाय, तो स्वतः त्या चित्राकडे बघत नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन सुरू होतंय. काटकोनचं मनगट सुजलंय, म्हणून सगळ्या चौकटी मी करायच्या आहेत. मी एकट्यानं.

मी निघालो त्या दिवशी तू दारात बूट घालत होतास. मान वर न करता म्हणालास, "एक गोष्ट शेवटाला ने. कुठलीही. मग माझ्याशी बोल." तेव्हा मी जे बोललो ते तुला पाठ असेल, इथे पुन्हा लिहीत नाही. पण तुझं वाक्य मी धरून बसलोय. ही ती गोष्ट. शेवटची चौकट भिंतीवर चढली की तू यायचंस आणि बोलायचंस. नाही आलास तर शब्द फिरवणारा तू, मी नाही.

तुझा भाऊ (अजून)

ता. क. मी चष्मा घेतलाय. काळजी करू नकोस, नंबर शून्य आहे.

१८ जानेवारी

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे, मी उत्तरासाठी लिहितच नाही. (लिहितो.)

वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "पत्र उघडलं, वाचलं, घडी घातली आणि हत्यारांच्या पिशवीत टाकलं. एक शब्द नाही. वाचताना हात एवढा लांब केला होता, मला वाटलं पत्र चावतंय की काय यांना." म्हणून आज अक्षर मोठं काढतोय. कागद जास्त लागेल, लागू दे.

शून्य नंबरचं तू विचारलं नाहीस, पण सांगतो, कारण सांगायला इथे दुसरं कुणी नाही आणि काटकोनला न सांगताच कळलंय. दुकानासमोर, रस्ता ओलांडला की चष्म्याचं दुकान आहे. एकदा डोळ्यात भुसा गेला म्हणून धावत गेलो. तिथल्या मुलीनं पापणी वर धरली, "वर बघ, छताकडे, माझ्याकडे नाही," म्हणाली आणि कण काढून बोटावर दाखवला. बस. दुसऱ्या दिवशी डोळ्यात काही नव्हतं, तरी गेलो.

"शेवटची ओळ वाच."

वाचली.

"त्याच्याखाली छापखान्याचं नाव आहे, ते वाच."

तेही वाचलं.

"तुला घार दत्तक घेईल. मग आलास कशाला?"

"डोकं दुखतं."

"दुखतं की फिरतं? समोरून तुमच्या दुकानातला आरडाओरडा ऐकू येतो मला."

तरी मी हललो नाही, तेव्हा तिनं मला शून्य नंबरच्या काचा बसवून दिल्या. म्हणाली, भुसा तरी अडेल. तिला सगळे चष्मेवाली म्हणतात, ती स्वतः चष्मा लावत नाही. दादा, ती ग्राहकाच्या नाकावर चष्मा ठेवून दोन पावलं मागं सरकते आणि मान तिरकी करून बघते. त्या दोन पावलांसाठी माणसानं आंधळं व्हावं. बरं, पुढचं लिहीत नाही, तू वाचताना कपाळाला आठ्या घालशील.

तुझ्या लांब हाताचं तिला सांगितलं. "वय?" म्हणाली. मी म्हटलं, चाळिशीचा. "मग चाळिशीच लागलीय त्यांना. सांग, अजून दोन वर्षांनी हात पुरणार नाही, पत्र शेजाऱ्याला धरायला सांगावं लागेल."

काम जोरात आहे. बाईंची एक पद्धत सांगतो. त्या मनानं माणूस काढत नाहीत. चित्रातला प्रत्येक जण त्यांच्या खोलीत येऊन स्टुलावर बसलेला किंवा उभा राहिलेला असतो, नाहीतर त्यांनी खिडकीतून पाहिलेला असतो. बसलेल्यानं हलायचं नाही, बोललं तर चालतं. मलाही एकदा वर बोलावलं. हातात झाडू दिला, उलटा, म्हणाल्या, "असाच वर धरून उभा राहा." खांदा भरून येईपर्यंत धरला. कशासाठी ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बघ, मीही कधीकधी विचारत नाही.

तुझा भाऊ

२ फेब्रुवारी

दादा,

आज मी काम सोडलं. आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा धरलं. तुला फक्त पहिलं वाक्य खरं वाटेल, म्हणून दुसऱ्याचा पुरावा देतो.

सकाळी बाईंनी बसथांब्याचं चित्र खाली पाठवलं. भर दुपार, डांबर तापलेलं, आणि थांब्यावर चष्मेवाली उभी. हुबेहूब. मान तीच तिरकी. तिच्या शेजारी एक रुंद खांद्यांचा माणूस, छत्री धरून. छत्री सगळी तिच्यावर आणि हा स्वतः उन्हात. आणि ती, दादा, हसू दाबून ठेवलंय अशी. माणूस उगीच कुणाशेजारी असा उभा राहत नाही.

मी पट्ट्या कापायला घेतल्या. काटकोननं कोपरा उजेडात धरला. "आज कुणाशी?"

"कुणाशी नाही."

"फटीतून माझी करंगळी जातेय आणि कुणाशी नाही?"

मी कामाचा पट्टा सोडला, टेबलावर आपटला, म्हटलं, ठेवा तुमची करंगळी तुमच्याजवळ, आणि निघालो. खऱ्याखुऱ्या बसथांब्यापर्यंत गेलो. बस आली, दार उघडलं. पायरीवर पाय ठेवला आणि मला तुझे बूट दिसले. शपथेवर सांगतो. तू नाही, नुसते तुझे बूट आणि ते वाक्य. वाहक म्हणाला, "चढा तरी नाहीतर उतरा तरी." उतरलो. पण कामाला नाही परतलो, भांडायला परतलो. सरळ वर बाईंच्या खोलीत.

"हा कोण?"

"कुठला?" त्या ब्रश पुसत होत्या.

"छत्रीवाला."

"चेहरा टपालवाल्याचा. खांदे दूधवाल्याचे. टपालवाल्याला खांदेच नाहीत रे."

"तो तिच्याबरोबर कधी उभा होता?"

"कधीच नाही. तो आला होता दिवाळीच्या आधी. ती आली गेल्या आठवड्यात. समोरासमोर आले तर ओळख देणार नाहीत."

"मग ती हसतेय कुणाकडे बघून?"

"कुणाकडे नाही. खाली कुणीतरी खिळे ठोकत गात होतं. अतिशय बेसूर. ती म्हणाली, बाई, मला हसू आवरत नाही. मी म्हटलं, आवरू नकोस, मग ती आवरायला लागली. तेच काढलंय."

तरी हट्टानं म्हटलं, "छत्री इतकी जपून धरलीय."

"हात नीट बघ."

बघितला. अंगठ्याच्या मुळाशी पांढरी खूण. इथे पहिल्याच आठवड्यात मला पटाशी लागली होती, तिची. ती छत्री म्हणजे उलटा झाडू होता, दादा. हात माझा होता.

"म्हणजे हे सगळं खोटं," मी म्हटलं, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

"माणसं खरी आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांना एकत्र मी उभं केलंय. रस्त्यावर प्रत्येक जण आपापल्या वेळेला येऊन जातो. चित्रात सगळ्यांना एका वेळी यावं लागतं. आता खाली जा, काटकोन चहा पीत नाहीये तुझ्यामुळे."

खाली गेलो. पट्टा बांधला. चारही कोपरे बसले. काटकोननं करंगळी लावून पाहिली, मग चहा प्यायला, मग रस्ता ओलांडून चष्म्याच्या दुकानात जाऊन सगळी हकिकत सांगून आला. त्याच्या पोटात काही राहत नाही, पोट एवढं असून.

ती आली. दारात उभी राहून म्हणाली, "स्वतःच्याच हातावर जळणारा पहिलाच पाहिला." पोटभर हसून झाल्यावर तिनं विचारलं, "घरी कोण असतं तुझ्या?" मी खिळे निवडायला घेतले. लहान एकीकडे, मोठे एकीकडे.

"हे बघ," ती म्हणाली, "घराचं विचारलं की तू खिळे निवडतोस. मागच्या वेळीही हेच केलंस. तू मला आवडतोस. एकदाच सांगते, पुन्हा विचारायला येऊ नकोस. पण भावाशी अबोला धरलेल्या माणसाला मी आईपुढे उभं करणार नाही. आईचा पहिला प्रश्न तोच असेल आणि तू तिच्या पुढ्यात खिळे निवडत बसशील. आधी भावाला घेऊन ये."

आता तुला वाटेल, हा तिच्यासाठी लिहितोय. वाटू दे. पण पहिल्या पत्राची तारीख बघ. तेव्हा तिनं मला नुसत्या काचा दिल्या होत्या.

ये रे. प्रदर्शनाला ये.

तुझा भाऊ

१२ फेब्रुवारी

दादा,

तू इथे कधी आला होतास?

थांब. पत्र खाली ठेवू नकोस. पहिल्यापासून सांगतो.

प्रदर्शनातलं सगळ्यात मोठं चित्र बाईंनी शेवटी पूर्ण केलं. नाव ठेवलंय, समोरचा फुटपाथ. त्यांच्या खिडकीतून दिसतो तसा. घड्याळवाला, चष्म्याचं दुकान, टपालपेटी, येणारीजाणारी माणसं. रंग अजून ओला होता, म्हणून मी मापं मागच्या बाजूनं घेतली. एवढं मोठं चित्र, तर म्हटलं चौकटही तशीच दणदणीत हवी. रुंद पट्टी घेतली आणि हौसेनं आतून आणखी एक सोनेरी पट्टी बसवली. कोपरे बघशील तर बघतच राहशील. काटकोनसुद्धा म्हणाला, "जमलंय." रंग वाळला, चित्र चौकटीत बसलं, बाई बघायला खाली आल्या.

बघितलं आणि म्हणाल्या, "माझा माणूस कुठाय?"

"कुठला माणूस?"

"उजव्या कडेचा. कापलास तू त्याला."

त्या चौकटीची आतली कड चित्रावर बसते, तसा सगळीकडूनच थोडा भाग झाकला जातो. माझ्या सोनेरी पट्टीनं दोन बोटं जास्त झाकला होता. मी म्हटलं, "कापला नाही, झाकलाय. आणि कडेचाच तर आहे. एवढ्या गर्दीत एक नसला तर कुणाला कळणार आहे?"

काटकोननं कप खाली ठेवला. तो कप ठेवतो म्हणजे गंभीर असतं.

"कडेच्या माणसाला घरदार नसतं का?" बाई म्हणाल्या. "काढ ती पट्टी."

माझं डोकं भडकलं. चार दिवसांचं काम. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत खिळे उपसायला लागलो. "कोण कुठला कडेचा," असं शेवटचं म्हटलं आणि पट्टी उचलली.

हत्यारांची पिशवी. तिच्या वजनानं खाली आलेला एक खांदा. कानामागं पेन्सिल. आणि ती टोपी, जी वहिनी दर वर्षी टाकून देते आणि तू दर वर्षी शोधून आणतोस. चेहरा माझ्या नखाएवढा. तू होतास, दादा. टपालपेटीला टेकून. इकडे बघत.

मी किती वेळ वाकून होतो कोण जाणे. काटकोन म्हणाला, "काय रे, पाठ धरली?"

पण मी ह्याच चित्रांना एकदा फसलो होतो. म्हणून बाईंना विचारलं, शांतपणे, माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "ह्यांना कुठे बसवलं होतं?"

"बसवलं नाही. मी त्यांच्याशी कधी बोललेलेसुद्धा नाही."

"म्हणजे दुसऱ्या रस्त्यावर पाहिलेले इथे आणून उभे केले."

"नाही. हा तिथेच उभा होता. एका गुरुवारी दिसला, वाटलं पत्र टाकायला आलाय. पुढच्या गुरुवारी पुन्हा, त्याच वेळेला. पेटीत काही टाकत नाही, बस आली तर चढत नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी पेन्सिल घेऊनच बसले. खाली तुझी करवत चालू असायची. करवत थांबली की तो पिशवी उचलून चालायला लागायचा."

"आणि हे हसू?"

कारण तू हसत होतास, दादा. नखाएवढ्या चेहऱ्यात, पण हसत होतास.

"मी हसू लावत नाही," बाई म्हणाल्या. "असलं तर काढते."

मी तसाच, पट्टा बांधलेला, रस्ता ओलांडून गेलो आणि टपालपेटीजवळ उभा राहिलो. तुझ्या जागी. तिथून आमचं दुकान नीट दिसत नाही. एका बाजूनं विजेचा खांब आडवा येतो, दुसऱ्या बाजूनं घड्याळवाल्याची पाटी. मधल्या फटीतून दिसतं ते फक्त माझं टेबल. काटकोन तेवढ्यात माझ्या जागी येऊन बसला होता, तर त्याच्या कपातल्या चहाचा रंगसुद्धा दिसत होता.

चष्मेवाली दारात आली. "इथे काय बघतोस?"

"माझं टेबल."

"आत बसून दिसत नाही?"

दादा, सगळ्यात लाज वाटली ती पुढे. मी दिवसभर त्याच फुटपाथकडे बघत असतो. प्रत्येक कापानंतर मान वर करतो. पण नजर चष्म्याच्या दुकानाच्या दारापर्यंत जाते आणि तिथेच राहते. तू तिथून चार हातांवर होतास. नाकावर चष्मा लावून मला भाऊ दिसला नाही. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मी शून्य नंबर दिला, चुकलंच माझं."

वहिनी म्हणते, गुरुवारी सुट्टी असते म्हणून तू सुटे भाग आणायला जातोस. काय काय आणलंस रे दर गुरुवारी?

रागावलो नाहीये. विचारतोय.

तुझा भाऊ

२१ फेब्रुवारी

दादा,

सोनेरी पट्टी गेली. आता ह्या चित्राला साधी, अरुंद चौकट आहे आणि तिची कड चित्रावर बसतच नाही, चित्राच्या बाहेरून जाते. तुझ्या उजवीकडे वारा लागेल एवढी जागा आहे. बाई म्हणाल्या, "आता श्वास घेईल."

शेवटची चौकट काल संध्याकाळी पूर्ण झाली. शेवटाला गेली गोष्ट, दादा. काटकोननं सगळे कोपरे तपासले, एकाही ठिकाणी करंगळी लावली नाही, नुसतं नख फिरवलं. मला म्हणाला, "दुसरं अर्धंही कर हवं तर. कॉलेजचं म्हणत नाही मी, एकंदरीत."

निमंत्रण सोबत आहे. हॉल वाचनालयाच्या वर आहे, आमच्या रस्त्यावर नाही, पण तिथेही समोर फुटपाथ आहे आणि खांब आहेत. मी तुला ओळखतो. तेव्हा एकच विनंती.

गुरुवारी येशील तेव्हा रस्ता ओलांड.

काडेपेटी

२ मार्च

दादा,

पाकिटासोबत डबी आहे. आधी ती उघड, आतलं नाकावर ठेव आणि मग पुढे वाच. अक्षर पुन्हा माझं नेहमीचं काढलंय.

दिसतंय ना? तिनं नंबर कधी काढला म्हणून विचारशील. हॉलमध्ये तिनं तुझ्या हातात चित्रांची यादी दिली होती, आठवतं? आणि तू ती लांब धरलीस, तेव्हा ती तुझ्याशी बोलत बोलत दोन पावलं मागं सरकली होती. तू यादी वाचत होतास, ती तुझा हात मोजत होती. काच चुकली असेल तर बदलून देईन म्हणते, पण चुकली नसेल असंही म्हणते.

तुझ्यापुढे जे झालं ते तुला माहीत आहे. तुझ्यामागं झालं ते सांगतो.

प्रदर्शन सुरू झालं तेव्हा मी हॉलच्या खिडकीशी होतो. चित्रातली माणसं आपापली चित्रं शोधत होती. टपालवाला छत्रीपुढे उभा राहून स्वतःच्या खांद्यांकडे बघत होता, त्याच्या बायकोला काही कळेना. काटकोन आपल्या चित्राकडे पाठ करून उभा होता आणि त्याच्यामागून चित्रातलं पोट तेवढं दिसत होतं. मी खाली बघत होतो. आणि तू आलास. आलास तो समोरच्या फुटपाथवर, खांबाआड. दादा, तो खांब बारीक आहे आणि तू तेवढा बारीक राहिलेला नाहीस.

दीड महिना पत्रं लिहिली, आणि जिना उतरवेना. मी खिशात हात घातला, त्यात खिळे होते, आणि मी ते चाचपायला लागलो.

चष्मेवाली शेजारी येऊन उभी राहिली. तिनं तुला कधी पाहिलं नव्हतं, एकदाच, नखाएवढं. खाली बघून म्हणाली, "चित्रातला माणूस बाहेर उभा आहे." माझ्या खिशाकडे पाहिलं आणि जिना उतरून गेली.

वरून मला तिची वेणी आणि तुझी टोपी दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. नंतर मी तिला खोदून विचारलं, काय म्हणालीस? ती सांगेना. काल सांगितलं. म्हणे, तू म्हणालास, "मी सहज थांबलोय, बस येईल." आणि ती म्हणाली, "दादा, बस ह्या रस्त्यावरून जात नाही. चला. तुम्ही कडेला आहात, पण अख्खे आहात."

आणि तू टोपी काढलीस. ते मी वरून पाहिलं.

मग तू त्या चित्रापुढे आलास. मला वाटलं स्वतःला बघशील. तू चौकटीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवलास, वरच्या, मग खालच्या, लिफ्टच्या दाराची फट बघतोस तसा. म्हणालास, "सांधा बरा बसलाय." इतक्या महिन्यांनी तू माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी ते काटकोनला सांगितलं, तर त्याला राग आला. "बरा? बरा म्हणजे काय?" मी म्हटलं, आमच्या घरात ह्याच्या वर शब्द नाही.

बाईंशी मात्र तू भांडलास. पिशवी डाव्या खांद्यावर असते माझी, म्हणालास, तुम्ही उजव्यावर काढलीय. बाई म्हणाल्या, त्या दिवशी उजव्यावरच होती. तू डाव्या खांद्याला हात लावलास आणि म्हणालास, "हो. त्या आठवड्यात डावा धरला होता." तू गेल्यावर बाई दिवसभर खूश होत्या. म्हणत होत्या, टीका अशी असावी.

तिच्या आईकडे पुढच्या गुरुवारी जायचंय. दुपारी दुकानात ये. ह्या वेळी टपालपेटीजवळ मी थांबेन, तू आत माझ्या टेबलाशी बस आणि काटकोनचा चहा पी. मलाही एकदा तिथून तुला बघू दे.

आणि हो. काल तुझा फोन येऊन गेलेला दिसतोय. करवत चालू होती, ऐकू आला नाही. मी वाजू दिला असं मनात आणू नकोस. पुन्हा कर.

काडेपेटी